शनिवारचा कॉलेज गेम नेमका लागतो कुठे? केबलवरून स्ट्रीमिंगवर गेलेल्या खेळांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट संपत आला की आमच्या मंडळात हाच विषय सुरू होतो, कुणाची मुलगी पर्ड्यूला, कुणाचा मुलगा मिशिगनला, कुणी स्वतः टेक्सासला एमएस केलं आणि तेव्हापासून शनिवारी नारिंगी टीशर्टशिवाय घरात फिरत नाही, आणि सगळ्यांचं विचारणं एकच, आज गेम कुठे दिसणार. दरवेळी तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढलंय. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे, भारतातून बघणाऱ्यांसाठी खाली वेगळा प्रश्न घेतलाय. किमती २०२५ च्या फुटबॉल सीझनच्या आहेत, पैसे भरायच्या आधी चालू दर बघून घ्या.

पूर्वी एक केबल घेतली की सगळं दिसायचं. हे बिघडलं कधी?

पूर्वी म्हणजे कधी ते आधी बघू, कारण फार पूर्वी तर काहीच दिसायचं नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कॉलेज फुटबॉल टीव्हीवर किती दाखवायचं हे कॉलेज खेळांची देशभरची संस्था एनसीएए ठरवायची, एका टीमला दोन वर्षांत मिळून जास्तीत जास्त सहा वेळा टीव्हीवर यायची परवानगी, त्यातले देशभर दिसणारे गेम चारच. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया युनिव्हर्सिटी कोर्टात गेल्या आणि जून १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला की ही एनसीएएची मक्तेदारी आहे, चालणार नाही. तिथून पुढे कॉन्फरन्स, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या युनिव्हर्सिटींचे गट, आपापले हक्क विकायला मोकळ्या झाल्या, आणि १९७९ ला सुरू झालेल्या ईएसपीएनला तर दिवसभर दाखवायला काहीतरी हवंच होतं, मग गुरुवार रात्र काय, शनिवार सकाळ काय, सगळीकडे कॉलेजचे गेम. म्हणजे आपल्याला आठवतो तो "सगळं केबलवर" असा काळ तीसेक वर्षांचाच.

मग केबल सोडून स्ट्रीमिंगवर जायची एवढी घाई का झाली?

घाई लोकांनी केली, चॅनलवाले मागून आले. केबलचं गणित असं होतं की तुम्ही खेळ बघा किंवा बघू नका, बिलात ईएसपीएनचे पैसे असायचेच, अलीकडे ते घरामागे महिन्याला नऊ डॉलरच्या वर गेले होते. २०११ च्या आसपास ईएसपीएन सुमारे १० कोटी घरांत होतं. ज्या आजींनी आयुष्यात एक टचडाउन बघितला नाही त्यांच्याही बिलातून स्टेडियम उभी राहिली. लोकांनी केबल कापायला सुरुवात केली तसा हा झरा आटत गेला. मे २०२५ मध्ये प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीत टीव्हीवर बघितल्या जाणाऱ्या एकूण वेळात स्ट्रीमिंगचा वाटा ४४.८ टक्के झाला, केबल आणि ब्रॉडकास्ट दोन्ही मिळून जेवढं होतं त्यापेक्षा पहिल्यांदाच जास्त.

केबलच्या या पैशाने कॉलेजचा नकाशा कसा बदलला हे कळायला रटगर्स आणि मेरीलँड बघा. २०१४ मध्ये या दोन युनिव्हर्सिटी बिग टेन कॉन्फरन्समध्ये गेल्या. बिग टेन म्हणजे मिडवेस्ट, यांचा तिथे काय संबंध? संबंध एवढाच की रटगर्स न्यूयॉर्कजवळ आणि मेरीलँड वॉशिंग्टनजवळ, म्हणजे त्या दोन प्रचंड शहरांतल्या केबल बिलांत बिग टेन नेटवर्क जास्त दराने घालता येणार होतं, तिथले लोक गेम बघोत न बघोत. आज तेच गणित चालत नाही, कारण ॲपला ज्याला बघायचंय तोच पैसे भरतो, त्यामुळे टीम कुठल्या शहराजवळ आहे यापेक्षा तिचे चाहते किती आणि कुठेकुठे पसरलेत याला किंमत आलीये.

हे टप्प्याटप्प्याने झालं की एकदम?

हळूहळू. एप्रिल २०१८ मध्ये ईएसपीएन प्लस आलं महिना ४.९९ डॉलरने, तेव्हा त्यावर छोटे गेम असायचे आणि कुणी फारसं मनावर घेतलं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये नोत्रदामचा टोलेडोविरुद्धचा घरचा गेम फक्त पीकॉक या एनबीसीच्या ॲपवर दाखवला, तेव्हा बऱ्याच जुन्या चाहत्यांना पहिला धक्का बसला, कारण नोत्रदामचे घरचे गेम १९९१ पासून एनबीसीवर फुकट दिसत होते. २०२३ पासून बिग टेनचा फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी अशा तिघांबरोबरचा सात वर्षांचा करार सुरू झाला, सात अब्ज डॉलरच्या वरचा, आणि त्यातले काही गेम फक्त पीकॉकसाठी राखून ठेवले. २१ ऑगस्ट २०२५ ला ईएसपीएनने केबलशिवाय आपली सगळी चॅनल महिना २९.९९ डॉलरला विकायला काढली आणि त्याच दिवशी फॉक्सचं ॲप फॉक्स वन पण आलं १९.९९ ला. केबल किंवा तसलं मोठं पॅकेज न घेता सगळं कायदेशीर बघता येईल अशी सोय खऱ्या अर्थाने तेव्हापासून झाली.

पॅक-१२ बुडाली ती स्ट्रीमिंगमुळेच ना?

हा प्रश्न ॲरिझोना स्टेट आणि वॉशिंग्टनवाले फार विचारतात आणि मला स्वतःलाही हा विषय मनाला लागतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

एकट्या स्ट्रीमिंगमुळे नाही. पॅक-१२ या पश्चिमेकडच्या कॉन्फरन्सने २०१२ ला स्वतःचं केबल नेटवर्क काढलं आणि ते पूर्ण स्वतःच्याच मालकीचं ठेवलं, कुठल्या मोठ्या चॅनलला भागीदार घेतलं नाही. उपग्रहावरून चॅनल देणाऱ्या डायरेक्टीव्ही कंपनीशी त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही, त्यामुळे पश्चिमेतल्या कितीतरी घरांत आणि बारमध्ये आपल्याच गावच्या टीमचा गेम दिसायचा नाही. पैसे बाकी कॉन्फरन्सपेक्षा कमी येत राहिले. ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलएने बिग टेनला जायचं जाहीर केलं, म्हणजे लॉस एंजेलिसच गेलं. उरलेल्या दहा जणींसाठी नवा करार शोधता शोधता वर्ष गेलं आणि शेवटी टेबलावर आली ती ॲपलची ऑफर. बातम्यांनुसार प्रत्येक युनिव्हर्सिटीला वर्षाला अडीच कोटी डॉलरच्या आतबाहेर पक्के, आणि सबस्क्रिप्शन जितकी विकली जातील तसे वर जास्त. त्याच वेळी बिग टेनवाल्यांना याच्या दुपटीपेक्षा जास्त मिळणार होते, तेही पक्के, आणि गेम घराघरात दिसणार ते वेगळंच.

कोलोरॅडो जुलै २०२३ मध्येच बिग १२ ला गेली. ४ ऑगस्ट २०२३ ला एका दिवसात ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनला गेल्या आणि ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, युटा बिग १२ ला. महिन्याभरात स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक कोस्टला गेल्या, नावातच अटलांटिक आहे आणि या दोघी पॅसिफिकच्या काठावर. १९१५ पासूनच्या कॉन्फरन्समध्ये उरल्या दोन, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

त्यावेळी ॲपलची ऑफर घेतली असती तर काय झालं असतं यावर लोक अजून वाद घालतात. मला वाटतं त्या युनिव्हर्सिटी घाबरल्या ते साहजिक होतं, कारण ज्या टीमचे गेम फक्त एका ॲपवर आहेत तिला सहज चॅनल बदलताना बघणारा नवा माणूस मिळत नाही, आणि नवीन मुलं भरती करताना कोचला घरी जाऊन सांगावं लागतं की तुमचा मुलगा टीव्हीवर दिसेल. पण याची किंमत भरली ती फुटबॉल न खेळणाऱ्या मुलामुलींनी. लॉस एंजेलिसच्या व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुली आता कॉन्फरन्सच्या गेमला न्यू जर्सीपर्यंत विमानाने जातात, मधल्या आठवड्यात, परीक्षा सांभाळून. टीव्हीच्या करारात त्यांचा विचार कुणी केला नव्हता आणि ते मला आजही पटत नाही.

कुठल्या टीमसाठी काय घ्यायचं ते सरळ सांगा.

एसईसी, म्हणजे दक्षिणेकडच्या युनिव्हर्सिटींची कॉन्फरन्स, सगळ्यात सोपी. २०२४ पासून त्यांचं सगळं एबीसी, ईएसपीएन आणि एसईसी नेटवर्कवर, म्हणजे ईएसपीएनचं मोठं, वर सांगितलेलं २९.९९ चं सबस्क्रिप्शन घेतलं की काम झालं. एसीसीचंही (म्हणजे अटलांटिक कोस्ट) बहुतेक तिथेच, फक्त काही गेम सीडब्ल्यू चॅनलवर असतात. बिग १२ ईएसपीएन आणि फॉक्समध्ये वाटलेली आहे आणि २०२५ पासून त्यातले थोडे टीएनटी चॅनलवर. नोत्रदामचे घरचे गेम एनबीसी आणि पीकॉकवर. बिग टेन मात्र डोकेदुखी आहे, दुपारचा गेम फॉक्स किंवा बिग टेन नेटवर्क, साडेतीनचा सीबीएस, रात्रीचा एनबीसी, आणि मधेच एखादा फक्त पीकॉकवर. बिग टेन नेटवर्क फॉक्स वनमध्ये येतं, सीबीएस पॅरामाउंट प्लस या ॲपमध्ये दिसतं.

कुठला गेम कुठे हे बरेचदा बारा दिवस आधी ठरतं, काही वेळा सहाच दिवस आधी, म्हणून सीझनच्या सुरुवातीला पाठ करून ठेवण्यात अर्थ नाही. युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या शेड्यूलमध्ये सोमवारी बघा, तिथे बरोबर असतं.

अँटेना घेतला तर चालेल का? लोक हसतात.

हसू द्या. एबीसी, सीबीएस, एनबीसी आणि फॉक्स चारही हवेतून फुकट येतात, चित्र स्ट्रीमिंगपेक्षा स्वच्छ असतं, आणि शनिवारचे सगळ्यात मोठे गेम अजूनही याच चार चॅनलवर असतात. खिडकीला लावायचा साधा अँटेना एकदाच विकत घ्यायचा, महिन्याचं काही नाही. टॉवर कुठल्या दिशेला आहेत ते बघून लावा आणि टीव्हीच्या सेटिंगमधून चॅनल स्कॅन करा. तळघरात किंवा डोंगराच्या आड घर असेल तर नीट पकडत नाही, एरवी शहराच्या आसपास राहणाऱ्या प्रत्येकाने आधी हे करून बघावं आणि मग बाकी सबस्क्रिप्शनचा विचार करावा असं माझं ठाम मत आहे.

चालू सीझनमध्ये चॅनल अचानक गायब का होतात?

चॅनलचा मालक आणि ते घरी पोचवणारा यांच्यात दराचं भांडण झालं की करार संपतो आणि चॅनल बंद पडतं. ही भांडणं नेमकी फुटबॉलच्या तोंडावर होतात, कारण तेव्हाच लोक सगळ्यात जास्त चिडतात आणि समोरच्यावर दबाव येतो. ३१ ऑगस्ट २०२३ च्या रात्री फ्लोरिडा आणि युटाचा गेम चालू असताना स्पेक्ट्रम या केबल कंपनीवर डिस्नीची, म्हणजे ईएसपीएन आणि एबीसीच्या मालकाची, चॅनल गेली, जवळपास दीड कोटी घरं, ती परत आली ११ सप्टेंबरला. २०२४ ला डायरेक्टीव्हीवर तेच, सप्टेंबरचे पहिले दोन आठवडे. आणि ज्यांनी केबलला कंटाळून यूट्यूब टीव्ही, म्हणजे केबलसारखीच चॅनल इंटरनेटवरून देणारी सर्व्हिस, घेतली होती त्यांच्यावर २०२५ मध्ये तीच पाळी आली, ३० ऑक्टोबरच्या मध्यरात्रीपासून १४ नोव्हेंबरपर्यंत ईएसपीएन आणि एबीसी दोन्ही नाही, मधले दोन शनिवार कोरडे. आगीतून फुफाट्यात.

अशा वेळी महिन्याभरासाठी थेट ईएसपीएन घ्या किंवा अँटेनावर एबीसी बघा. आणि आपल्या सर्व्हिसकडे क्रेडिट मागा, यूट्यूब टीव्हीने त्यावेळी २० डॉलर दिले होते.

सगळं मिळून केबलपेक्षा स्वस्त पडतं का?

वर्षभर सगळं चालू ठेवलं तर फारसं नाही. यूट्यूब टीव्ही २०१७ ला ३५ डॉलरला आलं, २०२५ ला ते ८२.९९ झालं, वर्षाचे जवळपास हजार डॉलर, आणि इंटरनेट वेगळं.

पण स्ट्रीमिंगला बांधिलकी नाही, हाच याचा खरा फायदा आणि लोक तो घेत नाहीत. हिशेब करून बघा, ईएसपीएन आणि फॉक्स वन एकत्र ३९.९९, पीकॉक १०.९९, म्हणजे महिन्याला सुमारे ५१ डॉलर. सप्टेंबर ते डिसेंबर चार महिने घेतलं तर २०४ डॉलर. त्याच चार महिन्यांचे यूट्यूब टीव्हीचे ३३२ होतात. सीबीएसचे गेम अँटेनावर. ज्याला फक्त एसईसीची एकच टीम बघायचीये त्याचं १२० डॉलरमध्ये भागतं. मात्र घरात बाकीच्यांना बातम्या, सिनेमे, इतर चॅनल लागत असतील तर हा हिशेब फिरतो, तेव्हा घरात आधी विचारून घ्या.

विद्यार्थी असाल तर काही ॲपना सवलत असते, युनिव्हर्सिटीच्या ईमेलवरून मिळते. ती विचारल्याशिवाय पूर्ण पैसे भरू नका.

माझी मुलगी कॉलेजमध्ये व्हॉलीबॉल खेळते, फुटबॉलशी आम्हाला घेणंदेणं नाही. आमच्यासाठी काय?

तुमच्यासाठी स्ट्रीमिंग म्हणजे खरंच वरदान आहे, आणि या सगळ्या बदलातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. केबलवर चॅनलला दिवसाचे चोवीस तास, त्यात व्हॉलीबॉल, टेनिस, पोहणं, कुस्ती यांना जागा कुठून मिळणार. ॲपला अशी मर्यादा नाही. २०१४ ला एसईसी नेटवर्क सुरू झालं तेव्हा त्या युनिव्हर्सिटींनी कॅम्पसवरच कंट्रोल रूम बांधल्या, कॅमेरे घेतले, आणि आज तिथे कॅमेऱ्यामागे, ग्राफिक्सवर, रीप्लेवर बरेचदा शिकणारी मुलंच असतात. एसईसी नेटवर्क प्लस, एसीसी नेटवर्क एक्स्ट्रा हे ईएसपीएनच्या मोठ्या सबस्क्रिप्शनमध्ये येतात, बिग टेनचं टीव्हीवर न येणारं बिग टेन प्लसवर वेगळं घ्यावं लागतं.

माझ्या मैत्रिणीची मुलगी एका छोट्या कॉलेजात खेळते, तिथे कोर्टाच्या एका बाजूला एकच कॅमेरा, कॉमेंट्रीला दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा, त्याला आडनाव उच्चारता येत नाही पण दर सर्व्हला तो मनापासून प्रयत्न करतो, स्कोअर कधी कधी एक पॉइंट मागे, आणि लाकडी फ्लोअरवर बुटांची कचकच स्पष्ट ऐकू येते. मैत्रीण टीव्हीपासून हातभर अंतरावर बसून बघते, बेंचवर असली तरी. हजारो मैलांवर नाशिकला बसलेले आजोबाही तो स्ट्रीम बघायचे, कारण कॉलेजच्या साइटवर तो खुला होता.

"होता" म्हणतोय कारण डिव्हिजन दोन आणि तीनच्या, म्हणजे छोट्या कॉलेजांच्या, बऱ्याच कॉन्फरन्सनी आता खेळांचे स्ट्रीम विकणाऱ्या फ्लोस्पोर्ट्ससारख्या कंपनीशी करार केलेत आणि पूर्वी फुकट असलेल्या स्ट्रीमला पैसे लागतात. कॉलेजला त्यातून थोडं उत्पन्न मिळतं हे मान्य, छोट्या कॉलेजांची ओढाताण खरी आहे. पण जी मुलं स्कॉलरशिपशिवाय खेळतात त्यांच्या आईवडिलांकडून, तेही फी भरून झाल्यावर, पुन्हा बघायचे पैसे घेणं मला चुकीचं वाटतं. निदान खेळाडूच्या घरच्यांना एक मोफत लॉगिन द्यावं, ॲथलेटिक ऑफिसला जरूर लिहा, पालकांनी मिळून लिहिलं तर जास्त चांगलं.

व्हॉलीबॉल कोण बघतं असं कुणी म्हणालं तर नेब्रास्का युनिव्हर्सिटीचं सांगा, ३० ऑगस्ट २०२३ ला फुटबॉलच्या मैदानात कोर्ट घालून गेम ठेवला आणि ९२,००३ लोक आले.

मुलींच्या बास्केटबॉलला एवढे प्रेक्षक स्ट्रीमिंगमुळे मिळाले का?

मिळाले ते आयोवाची केटलिन क्लार्क आणि तिच्या पिढीच्या खेळामुळे. १५ फेब्रुवारी २०२४ ला तिने डिव्हिजन एकमधला मुलींचा सर्वाधिक पॉइंटचा विक्रम मोडला, ४९ पॉइंट काढले, आणि तो गेम फक्त पीकॉकवर होता, आयोवातल्या अनेक घरांत त्या दिवसासाठी पहिल्यांदा ते ॲप उतरवलं गेलं. पण खरा आकडा आला एप्रिलमध्ये, साउथ कॅरोलिना आणि आयोवाची फायनल एबीसीवर होती, १.८९ कोटी लोकांनी बघितली. मुलांची फायनल, पर्ड्यू आणि यूकॉनची, केबलवर टीबीएसला होती, १.४८ कोटी. खेळाची लोकप्रियता तर आहेच, पण एक गेम फुकट चॅनलवर आणि दुसरा केबलवर याचाही त्यात वाटा आहे. ज्यांना प्रेक्षक वाढवायचेत त्यांनी महत्त्वाचे गेम सगळ्यांना दिसतील असे ठेवावेत.

मार्च मॅडनेस?

म्हणजे दर मार्चमध्ये सुरू होणारी कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा. मुलांची स्पर्धा सीबीएस आणि टीबीएस, टीएनटी, ट्रूटीव्ही यांच्याकडे आहे, करार २०३२ पर्यंतचा. मुलींची ईएसपीएन आणि एबीसीवर.

या सगळ्या पैशातलं खेळाडूंना काही मिळतं का?

आता मिळतं. जून २०२५ मध्ये कोर्टाने खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली, त्यानुसार २०२५-२६ मध्ये प्रत्येक युनिव्हर्सिटी आपल्या खेळाडूंना सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत वाटू शकते, आणि जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत २.८ अब्ज डॉलर द्यायचेत. यातला मोठा हिस्सा फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलला जातोय. टीव्हीचे पैसे ज्यांच्या घामावर येतात त्यांना वाटा मिळाला हे फार उशिरा झालेलं योग्य काम आहे.

माझा स्ट्रीम मागे असतो, शेजारी आधी ओरडतो.

स्ट्रीमिंग केबलपेक्षा साधारण अर्धा मिनिट किंवा जास्तच मागे असतं, कारण चित्र तुकडे करून पाठवतात आणि ॲप आधी थोडं साठवून मग दाखवतं. फोनवरचं स्कोअरचं नोटिफिकेशन बंद करा, टीव्हीला वायफायऐवजी केबलने इंटरनेट जोडा. अँटेनावर हा त्रास जवळजवळ नाही.

भारतातून आईबाबांना नातीचा गेम बघायचाय. आपलं लॉगिन देऊ का?

अमेरिकेतली सबस्क्रिप्शन भारतात चालत नाहीत, हक्क देशाप्रमाणे विकलेले असतात आणि ॲप तुम्ही कुठे आहात ते तपासतं. व्हीपीएन लावणं त्यांच्या नियमात बसत नाही आणि बरेचदा ऐन गेममध्ये अडकतं, आईबाबांना त्या भानगडीत घालू नका. छोट्या कॉलेजांचे जे स्ट्रीम अजून खुले आहेत त्याची लिंक पाठवा, बाकी कॉन्फरन्सच्या यूट्यूब चॅनलवर हायलाइट्स येतात.

वेळ सांगताना गोंधळ होतो म्हणून देतोय: ईस्टर्न दुपारी १२ म्हणजे भारतात रात्री ९:३०, साडेतीन म्हणजे रात्री १, संध्याकाळी साडेसात म्हणजे रविवारी पहाटे ५. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इकडची घड्याळं मागे गेली की भारतात सगळं एक तास उशिरा.

पैसे न भरता निदान ऐकता येईल का?

येईल, आणि छान असतं. बहुतेक मोठ्या युनिव्हर्सिटींचं स्वतःचं रेडिओ प्रसारण आहे, व्हर्सिटी नेटवर्क नावाच्या ॲपवर कितीतरी टीमचं फुकट मिळतं. हे कॉमेंटेटर वर्षानुवर्षं त्याच टीमबरोबर असतात, प्रत्येक मुलाचं गाव त्यांना माहीत असतं. गाडी चालवताना, स्वयंपाक करताना लावून ठेवा.

सीझन संपल्यावर बंद कसं करायचं?

जिथून घेतलं तिथूनच बंद होतं. फोनच्या ॲप स्टोअरमधून घेतलं असेल तर वेबसाइटवर बंद करायचं बटण सापडत नाही, फोनच्या सेटिंगमध्ये सबस्क्रिप्शनमध्ये जावं लागतं. टीव्हीच्या रिमोटवरून घेतलं असेल तर रोकू किंवा ॲमेझॉनच्या अकाउंटमध्ये बघा. बहुतेक ठिकाणी आज बंद केलं तरी भरलेला महिना संपेपर्यंत चालू राहतं, त्यामुळे शेवटच्या गेमची वाट न बघता शेवटचा महिना सुरू झाला की लगेच बंद करून टाका.